राणीचं काम करणारी कमावती बाई

दुर्गा खोटे यांच्याबद्दल कुठेही वाचायला घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत ते येतंच, की घरंदाज सुशिक्षित कुटुंबातली ही पहिली स्त्री जिने सिनेमात पाऊल टाकलं. माझी आजीसुद्धा हेच म्हणायची. टीव्हीवर मुगल-ए-आझम लागला आणि जोधाबाई दिसली की लगेच, "मोठ्या घरची बाई हो ती, लाडांची मुलगी, खोट्यांची सून." काम कसं करते ते नंतर, आधी घर. तेव्हा ऐकायला छान वाटायचं, पण गेली काही वर्षं मी दुर्गाबाईंचे जुने सिनेमे शोधून शोधून बघतेय, त्यांचं आत्मचरित्र वाचलंय, आणि आता मला हे वाक्य मनापासून खटकतं. त्या बाईने पन्नासच्या वर वर्षं जे काम केलं ते सगळं त्या एका घरंदाज शब्दाखाली झाकलं जातं असं वाटतं.

मुळात ते पूर्ण खरंही नाही. १९१३ मधे दादासाहेब फाळक्यांना राजा हरिश्चंद्र साठी तारामती हवी होती आणि एक बाई मिळेना. खूप ठिकाणी विचारून झालं, शेवटी अण्णा साळुंके नावाच्या, हॉटेलात काम करणाऱ्या तरुणाला लुगडं नेसवून तारामती केलं. पण त्याच वर्षी फाळक्यांच्या पुढच्याच मोहिनी भस्मासुर मधे दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची लहान मुलगी कमला मोहिनी झाली. या दुर्गाबाई कामतही काही रस्त्यावरून आलेल्या नव्हत्या, ब्राह्मण घरातल्याच, नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, मुलीला घेऊन पोटासाठी नाटक कंपनीत शिरलेल्या. त्यांची ती मोहिनी म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, विक्रम गोखल्यांच्या आजी. म्हणजे दुर्गा खोटे यायच्या अठरा वर्षं आधी हे घडून गेलं होतं. मग पहिली कोण? तर ज्या बाईचं घर समाजाला मान्य राहिलं ती पहिली, आणि जिने घर सोडलं तिचं नाव मागे पडलं. आणि ज्या बायका कलावंतिणींच्या घरातून आल्या, ज्यांनी त्या आधीपासून गाणं आणि अभिनय पेलला, त्या तर या हिशोबात धरल्याच जात नाहीत. दुर्गाबाई खोट्यांच्या कौतुकात नकळत या सगळ्या बायकांचा अपमान होतो, आणि स्वतः दुर्गाबाईंचंही त्यात भलं होत नाही.

आता त्या सिनेमात आल्या कशा ते बघू. जन्म १४ जानेवारी १९०५, मुंबईचा. माहेरचं नाव विठा लाड. वडील पांडुरंग शामराव लाड, सॉलिसिटर. गिरगावात कांदेवाडीत मोठं एकत्र कुटुंब, मूळ गोव्याकडचं, घरात कोकणी बोलणारं. शाळा कॅथेड्रल, मग सेंट झेवियर्स कॉलेज. १९२० च्या आसपास मुंबईत किती मुली कॉलेजात जात असतील विचार करा. कॉलेज पूर्ण व्हायच्या आत लग्न झालं, सासर श्रीमंत, नवरा विश्वनाथ खोटे इंजिनियरिंग शिकलेला. पुढे दोन मुलगे झाले, बकुळ आणि हरीन. इथपर्यंत सगळं आजीच्या वाक्यातल्यासारखं.

आणि मग पैसा गेला. सासरची श्रीमंती बघता बघता आटली, संसाराची घडी विस्कटली, पुढे वैधव्यही ऐन तारुण्यात आलं. पदरात दोन मुलं. माहेरी परत जाऊन राहता आलं असतं, कुणी नाही म्हटलं नसतं. पण दुर्गाबाईंना दुसऱ्याच्या जिवावर जगायचं नव्हतं. आत्मचरित्र वाचताना हेच मनात राहतं, की त्यांना कलेची ओढ, पडद्याचं आकर्षण असं काही सिनेमात घेऊन गेलं नाही, त्यांना पैसे मिळवायचे होते. घरंदाज बाईने सिनेमात येण्याचं धाडस केलं असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात एका आईला महिन्याचा खर्च भागवायचा होता. मला हे कारण कलेच्या ओढीइतकंच मोठं वाटतं, खरं तर जास्तच.

पहिला अनुभव वाईट आला. मोहन भवनानींच्या फरेबी जाल मधे (१९३१) एक छोटीशी भूमिका. विचारणा आधी म्हणे त्यांच्या बहिणीला झाली होती, तिने नको म्हटलं आणि दुर्गाबाईंचं नाव सुचवलं. छोटं काम, हातात पैसे, इतकाच विचार. पण सिनेमा लागला तो अगदी सुमार, वर त्याची जाहिरात करताना घराण्याचं नाव वापरलेलं. समाजात छी थू झाली, दोन्ही घरांना खाली मान घालावी लागली. म्हणजे बघा, ज्या घराण्याच्या नावामुळे पुढे कौतुक झालं तेच नाव तेव्हा तिकीट विकायला वापरलं गेलं. दुसरी कुणी असती तर तिथेच संपलं असतं, आणि त्यांचंही संपलंच होतं म्हणा, पण त्या सिनेमातलं त्यांचं काम व्ही. शांताराम यांच्या नजरेत आलं.

शांतारामबापू, दामले, फत्तेलाल, धायबर यांची कोल्हापूरची प्रभात फिल्म कंपनी तेव्हा बोलपट काढायच्या तयारीत होती. आलम आरा येऊन वर्षही झालं नव्हतं. विषय हरिश्चंद्राचाच, मराठीत अयोध्येचा राजा आणि हिंदीत अयोध्या का राजा, आणि तारामती म्हणून दुर्गा खोटे. १९३२ साली सिनेमा आला. फाळक्यांना जी तारामती मिळाली नव्हती ती एकोणीस वर्षांनी मिळाली, आणि हे लक्षात घ्या की त्या काळात बालगंधर्व अजून शालू नेसून रंगभूमीवर उभे राहत होते आणि प्रेक्षकांना त्यात वावगं काही वाटत नव्हतं.

त्या वेळी बोलपटात काम करणं म्हणजे काय होतं हे आपल्याला आज नीट कळत नाही. प्लेबॅक नव्हता. जो पडद्यावर गातो त्याने कॅमेऱ्यासमोर उभं राहून तेव्हाच गायचं, वादक कुठेतरी चौकटीच्या बाहेर बसलेले, मायक्रोफोन लपवलेला, त्याच्यापासून फार लांब गेलं की आवाज जाणार, म्हणून हालचाल जपून, आणि एक चूक झाली की सगळं पहिल्यापासून. वर एकच सीन मराठीत झाला की तोच हिंदीत. समोर हरिश्चंद्र म्हणून गोविंदराव टेंबे, म्हणजे संगीत नाटकात मुरलेला माणूस, मानापमानच्या चाली ज्याने दिल्या तो, आणि या सिनेमाचं संगीतही त्यांचंच. आणि त्यांच्यासमोर ही कॉन्व्हेंटमधे शिकलेली, रंगमंचाची सवय नसलेली पंचविशीतली बाई. तिचं गाणं काही टेंब्यांसारखं तयार नाही हे उघड ऐकू येतं. पण बोलायला लागली की पडदा तिचा होतो. उंच, ताठ मानेची, आणि बोलणं कसं तर घरात बोलतो तसं. नाटकी हेल नाही. त्या काळच्या इतर बोलपटांच्या शेजारी ठेवून बघितलं की हे लगेच जाणवतं, बाकीचे लोक अजून शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी बोलत असतात आणि ही समोरच्या माणसाशी बोलते.

काशीच्या बाजारात राणी विकली जाते, दासी होऊन दुसऱ्याच्या घरी राबते, मुलगा जातो. हा भाग मी बघताना मला सारखं वाटत होतं की ही गोष्ट तिला कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. मोठ्या घरातून निघून कामाला लागणं म्हणजे काय, लोक कसे बघतात, मुलासाठी काय काय गिळावं लागतं. कदाचित मी जास्तच वाचतेय त्यात. पण तारामतीच्या चेहऱ्यावर लाचारी कुठेच दिसत नाही हे मात्र खरं, विकली जातानाही ती खाली बघत नाही.

एका सिनेमाने सगळं फिरलं. जे लोक नावं ठेवत होते त्यांनी सहकुटुंब जाऊन तारामती बघितली. पाठोपाठ त्याच वर्षी माया मच्छिंद्र, त्यात त्या स्त्रीराज्याची राणी, शेजारी साखळीने बांधलेला चित्ता! तो फोटो अजून सगळीकडे फिरत असतो. मग कलकत्त्याला जाऊन देवकी बोस यांच्याकडे राजरानी मीरा आणि १९३४ मधे सीता, राम म्हणजे पृथ्वीराज कपूर. ही सीता व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत गेली.

इथे एक गोष्ट सांगायची राहते जी मला त्यांच्या सगळ्या पुरस्कारांपेक्षा महत्त्वाची वाटते. तेव्हा नट-नट्या कंपनीच्या पगारावर असायच्या. कॉन्ट्रॅक्ट झालं की कंपनी सांगेल तेच काम, बाहेर जायचं नाही. शांता आपटेंसारख्या स्टारला पुढे १९३९ मधे प्रभातच्या दारात उपोषणाला बसावं लागलं होतं, इतकी ती पकड घट्ट होती. दुर्गाबाई या पकडीत फार काळ राहिल्या नाहीत, कोल्हापूर, कलकत्ता, मुंबई, पुणे, जिथे काम चांगलं तिथे जायचं, ठरलेले पैसे घ्यायचे, परत यायचं. आज ज्याला फ्रीलान्स म्हणतो ते त्या तीसच्या दशकात करत होत्या. दोन मुलांचा खर्च एकटीवर असणाऱ्या बाईने बांधलेला पगार सोडून हे करणं, याला मी धाडस म्हणेन. १९३७ मधे तर साथी या सिनेमाच्या निर्मितीतही उतरल्या.

आणि १९३६ चा अमर ज्योती. हा प्रत्येकाने बघायलाच पाहिजे असं माझं मत आहे. प्रभात, शांताराम, आणि दुर्गाबाई सौदामिनी, समुद्रावरची लुटारू. का झाली लुटारू? तर राज्याचा कायदा तिच्या लहान मुलाचा ताबा तिला देत नाही म्हणून. आईला मुलावर हक्क नाही, बाई म्हणजे गुलाम, असं तोंडावर सांगितलं जातं आणि ती बाई जहाज घेऊन सूडाला निघते. १९३६! तिचा आवाज त्यात असा लागलाय की मधेच थांबवून परत ऐकावासा वाटतो. रडणाऱ्या आईचे रोल आपल्या सिनेमात हजारो झाले, चिडलेल्या आईचे किती झाले?

पण सौदामिनीनंतर दुर्गाबाईंच्या कामात एक गंमतशीर सलगता दिसते, म्हणजे मला दिसते, कुणी लिहिलेलं वाचलं नाही मी. सीता आणि तारामती करून ज्या बाईला देवीचा मान मिळाला होता तिने १९४२ मधे भरत मिलाप मधे कैकेयी केली. इमेज वगैरे शब्द तेव्हा नसतील पण धोका तर तोच होता. मग मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांत त्या उतरल्या. संघ गिरगावातच, केळेवाडीत, त्यांच्या जन्मघरापासून चालत जाण्याइतका जवळ, आणि डॉ. अ. ना. भालेराव तेव्हा मरगळलेल्या मराठी रंगभूमीला उभं करायला धडपडत होते. तिथे खाडिलकरांच्या भाऊबंदकीत दुर्गाबाई आनंदीबाई झाल्या, राघोबा म्हणजे नानासाहेब फाटक. आणि पुढे शिरवाडकरांनी मॅकबेथवरून राजमुकुट लिहिलं, १९५४ मधे, त्यात लेडी मॅकबेथच्या जागी परत दुर्गाबाई.

कैकेयी, आनंदीबाई, लेडी मॅकबेथ. तिघी नवऱ्याला नाहीतर मुलाला गादीकडे ढकलणाऱ्या. कैकेयीला मुलासाठी राज्य हवं, आनंदीबाईने ध चा मा केला असं आपण शाळेपासून ऐकत आलोय, आणि तिसरी तर हाताचं रक्त धुता धुता वेडी होते. खलनायिका म्हणून रंगवून टाकायला एकदम सोपे रोल. पण ज्या बाईने घर पडताना बघितलंय आणि आपल्या हिमतीवर ते परत उभं केलंय, तिला सत्तेची भूक, असुरक्षितता, आपल्या मुलाचं काय होणार ही धास्ती, हे सगळं आतून माहीत असणार ना. सज्जन नायिकेच्या पलीकडे जाऊन हे रोल मागून घ्यायला कलाकाराच्या अंगात मोठी ताकद लागते. आणि अजून एक, राजमुकुटच्या वेळी त्या पन्नाशीला आल्या होत्या. सिनेमाने तोवर त्यांना आईच्या रोलमधे ढकलून दिलं होतं. रंगभूमीने मात्र त्यांना नाटकातला सगळ्यात मोठा स्त्री रोल दिला. १९५८ मधे संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तो मला म्हणूनच फार योग्य वाटतो. नाटकाचा प्रयोग पडदा पडला की संपतो, आपल्या पिढीच्या हाती ते काम येणार नाही याची मला खरोखर हळहळ वाटते.

माझी आत्या गणपतीच्या नाटकात काम करायची. सुंदर करायची म्हणतात, तिच्या वेळचे लोक अजून आठवण काढतात. लग्न ठरलं आणि बंद झालं, सासरी चालणार नव्हतं, माहेरीही कुणी त्यावर वाद घातला नाही. चांगल्या घरातल्या मुली, इतकंच कारण. मी दुर्गाबाईंच्या त्या ठराविक कौतुकावर इतकी का चिडते ते बहुतेक यात आहे. घर चांगलं असणं ही आत्याच्या बाबतीत काम थांबवायची सबब झाली आणि दुर्गाबाईंच्या बाबतीत कौतुकाचं कारण, पण दोन्हीकडे बोलणं घराबद्दलच झालं, त्या बाईला येत काय होतं याबद्दल नाही. आणि दुर्गाबाईंना तरी घराचं नाव वापरता आलं. त्यांच्याहून अठरा वर्षांनी लहान असलेली रतन साळगावकर पडद्यावर येताना हंसा वाडकर झाली, कलावंतिणीच्या घरातली, शाळकरी वयात कामाला लागलेली, घर तीच चालवायची. तिने संत सखू करून सुद्धा लोकांनी तिच्या चारित्र्याचीच चर्चा केली. दोघींची आत्मचरित्रं आहेत. सांगत्ये ऐका आणि मी, दुर्गा खोटे ही दोन पुस्तकं एकापाठोपाठ एक वाचून बघा. दोघी कमावत्या, दोघी मराठी, एकीला इज्जत मिळाली, दुसरीला नाही, आणि फरक जन्माचा.

दुर्गाबाईंचं खाजगी आयुष्य काही सोपं नव्हतं हेही सांगायला हवं. दुसरं लग्न केलं, ते टिकलं नाही. धाकटा मुलगा हरीन तरुणपणीच गेला. हरीनची बायको म्हणजे विजया जयवंत, तेव्हा विजया खोटे, आज आपण ज्यांना विजया मेहता म्हणून ओळखतो त्या बाई. रंगायन ही नाट्यसंस्था ज्यांनी उभी केली त्या. म्हणजे एकाच घरात सासू तारामती आणि सून मराठी प्रायोगिक रंगभूमीची मोठी दिग्दर्शिका. पुढे विजयाबाईंनी फारुख मेहतांशी लग्न केलं. पण त्या काही वर्षांत त्या घरात जेवायच्या टेबलावर काय गप्पा होत असतील याची कल्पना करत मी किती वेळ घालवलाय!

म्हातारपणीचे सिनेमे तर सगळ्यांनी बघितलेत. १९३४ मधे जे पृथ्वीराज राम होते ते १९६० मधे अकबर झाले आणि सीता जोधाबाई झाली, सव्वीस वर्षांनी परत नवरा-बायको. मुलगा आणि नवरा यांच्यामधे उभी राहिलेली ती महाराणी एक वाक्य बोलायच्या आधी जो श्वास घेते ना, तिथे मला कायम सौदामिनी आठवते. मग १९७३ च्या बॉबीत मिसेस ब्रगँझा, समोर पृथ्वीराजांचा नातू ऋषी. कर्ज (१९८०) मधे मेलेल्या मुलाची वाट बघणारी आई, समोर परत ऋषीच. कपूरांच्या तीन पिढ्या म्हणून आपण गोडवे गातो, त्यात या बाई एकट्या सीतेपासून आजीपर्यंत पोचल्या. बिदाई साठी फिल्मफेअर मिळालं तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर होत्या. १९६८ मधे पद्मश्री, आणि १९८३ साठीचा दादासाहेब फाळके पुरस्कार. ज्या फाळक्यांना तारामतीच्या रोलसाठी बाई मिळाली नव्हती त्यांच्या नावाचा पुरस्कार तारामतीला!

यात एक धागा राहूनच जातो तो म्हणजे त्यांची कंपनी. पन्नाशीच्या पुढे बहुतेक नट्या रोलची वाट बघत बसायच्या, यांनी लघुपट, माहितीपट, जाहिरातपट काढायचा धंदा सुरू केला आणि नीट चालवला. दूरदर्शनवर १९८८ मधे लागायची ती वागले की दुनिया दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची. आमच्या घरी ती मालिका लागली की जेवणं लवकर उरकायची, आर. के. लक्ष्मण यांचं पात्र, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर, महिनाअखेर कसाबसा गाठणारं ते कुटुंब. पैसे संपत आले की घरात काय होतं, हे त्या मालिकेत किती प्रेमाने दाखवलंय! श्रेयनामावली तेव्हा कोण वाचतं, पण मला नंतर हे कळलं तेव्हा अगदी आश्चर्य वाटलं नाही. २२ सप्टेंबर १९९१ ला त्या गेल्या, शहाऐंशी वर्षांच्या होऊन.

ज्यांना यातलं काही बघायचंय त्यांना माझा आग्रह आहे की मुगल-ए-आझम किंवा बॉबीपासून सुरुवात करू नका. आधी अमर ज्योती बघा, प्रिंट जुनी आहे, आवाज मधेच खरखरतो, पहिली पंधरा-वीस मिनिटं धीर धरावा लागतो. मग अयोध्येचा राजा. मधे आत्मचरित्राची फरेबी जालवाली पानं वाचा. आणि मग जोधाबाईकडे या.